भिंत कोणाची

२०२४च्या एप्रिलमध्ये माझ्याकडे तुतारी वाजवणारा माणूस काढायचे काम आले. सांगोला, पंढरपूर आणि माळशिरस या तालुक्यांत निवडणुकीची चिन्हे रंगवायला लागून मला तेव्हा ४६ वर्षे झाली होती. पंजा, कमळ, घड्याळ, धनुष्यबाण यांचे पत्र्यात कापलेले छाप माझ्याकडे तयार असत. छाप भिंतीला लावायचा, आतून ब्रश फिरवायचा, कडा हाताने सारख्या करायच्या आणि पुढची भिंत धरायची. हा माणूस मात्र छापात बसेना. डोक्याला फेटा, फुगलेला गाल, वर वळलेली तुतारी. पहिल्या भिंतीला माझा अख्खा दिवस गेला.

घरमालकाचा मुलगा मोबाइलवर चित्र उघडून शेजारी उभा होता. त्या भिंतीवर आधी घड्याळ होते. मीच २०१४ साली ऑइल पेंटात काढलेले. आदल्या दिवशी त्यावर चुन्याचे दोन हात दिले होते, पण ऑइल पेंटवर चुना धरत नाही. ऊन चढले तशी पांढऱ्यातून घड्याळाची काळी कड वर यायला लागली. मुलगा म्हणाला, "तात्या, हे पार घालवा. ते आता आपलं राहिलं न्हाई." मी काचपेपर घेऊन खरडायला बसलो. खरडता खरडता आठवले की पंचवीस वर्षांपूर्वी, १९९९ साली, याच भिंतीवरचा पंजा मी पुसला होता. तेव्हा शेजारी त्याचे आजोबा उभे होते आणि त्यांचे शब्दही जवळजवळ हेच होते.

मी कधी कोणत्या पक्षाचा कार्यकर्ता नव्हतो. सभेला गेलो तो व्यासपीठामागचा पडदा रंगवायला. पक्ष आणि मतदार यांच्या नात्यातले मला जे कळले ते भिंतीसमोर उभे राहून, पाठीमागे चाललेले बोलणे ऐकत.

या कामात मी शिरलो १९७८च्या विधानसभेच्या वेळी. वय १४. पंढरपुरात सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका उस्तादांकडे डबे धुवायला होतो. निवडणूक आली की उस्ताद सिनेमाचे काम बाजूला ठेवून गावे धरायचे. सायकलला चुन्याची पोती, गेरू, नीळ, काजळी, उकळलेला सरस. गेरूत भिजवलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना ताणायची आणि मधे चिमटीत धरून सोडायची, की भिंतीवर लाल सरळ रेघ उठते. त्या रेघेवर अक्षर उभे करायचे. पहिली दोन वर्षे मी फक्त सुतळीचे टोक धरले.

त्या निवडणुकीत काँग्रेस दोन झाल्या होत्या. एकीचे गाय-वासरू, दुसरीचा नवा पंजा. समोर जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी आणि आमच्या भागात शेतकरी कामगार पक्षाचा खटारा. उस्तादांना बैलजोडीही काढता यायची. १९६९ला काँग्रेस फुटेपर्यंत तेच चिन्ह होते. मग गाय-वासरू आले, आता हा पंजा. एका गावात दोन भाऊ भिंतीवरून भांडायला लागले. एकाला गाय-वासरू हवे, दुसऱ्याला पंजा, आणि दोघेही शपथेवर सांगत होते की आपणच खरे काँग्रेसवाले. उस्तादांनी मधोमध रेघ मारून दोन्ही काढून दिले. निकाल लागला तो जनता पक्ष ९९, एक काँग्रेस ६९, दुसरी ६२. पुढे दोन्ही काँग्रेस एकत्र आल्या, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले, आणि त्याच जुलैत शरद पवार बाहेर पडून जनता पक्ष आणि शेकाप यांना घेऊन पुरोगामी लोकशाही दलाचे, म्हणजे पुलोदचे, मुख्यमंत्री झाले. ते तेव्हा ३७ वर्षांचे होते. मी उस्तादांना विचारले की आता कोण कोणाचा? ते म्हणाले, "वर काय व्हायचं ते होऊ दे. तू गावात गेलास की भिंत कोणाची ते बघ."

भिंत कोणाची, हे बघायला मला दहा वर्षे लागली. नुसता घरमालक कोण एवढा तो प्रश्न नाही. त्या घराला ओढ्यापलीकडच्या शेतात पाणी कोणी मिळवून दिले, पोराला बोर्डिंगात कोणी घातले, भावकीच्या दाव्यात वकील कोणी दिला, हे ठाऊक असले की भिंत कोणाची ते कळते. चिन्ह त्यावर नंतर येते.

सांगोला तालुक्यातल्या एका वस्तीवर शेकापचे एक घर होते. दगडी, पुढे लिंबाचे झाड. तिथल्या म्हाताऱ्यांनी भिंतीचे पैसे कधी घेतले नाहीत. उलट आम्हालाच बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी मिळायची. आबासाहेब म्हणजे गणपतराव देशमुख १९६२ पासून तिथले आमदार. १९७२ला पडले, १९७४च्या पोटनिवडणुकीत पुन्हा आले. एकूण अकरा वेळा एकाच पक्षाकडून, एकाच मतदारसंघातून. राज्यात शेकाप आटत गेला, रायगड आणि आणखी काही ठिकाणीच उरला, पण सांगोल्यात आटला नाही. मी त्या म्हाताऱ्यांना एकदा विचारले की तुमचा पक्ष सत्तेत तर येत नाही, मग कशाला? ते म्हणाले, "दुष्काळात आमचा पगार थकला तवा पक्षाची माणसं आमच्याबरोबर तहसिलीपुढं बसली. मी ते पोरास्नी सांगितलंय." त्यांचे मत त्या बसण्याला होते. ते पोरांना सांगून ठेवणे हाच त्यांचा प्रचार.

माळशिरस-पंढरपूरच्या उसाच्या पट्ट्यात नाते वेगळे. तिथे साखर कारखाना आहे आणि उसाला वेळेवर तोड मिळणे हा घराच्या जगण्याचा प्रश्न आहे. तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते, वर्षाचा हिशेब कोलमडतो. तोड कोणाला आधी, कोणाला नंतर, हे ठरवणारा माणूस गावात असतो आणि तो कोणाचा हे सगळ्यांना माहीत असते. त्या पट्ट्यात भिंत मागायला गेलो की मालक आत जाऊन विचारून यायचा, किंवा सरळ सांगायचा, "साहेबांचं जे असंल ते काढा." साहेबांचे काय आहे हे त्यालाही दोन दिवसांनी कळायचे. मी तरुणपणी याला लाचारी म्हणायचो. आज म्हणणार नाही. ज्याचा ऊस रानात उभा आहे त्याने सावध राहणे यात मला आता त्याचा प्रपंच दिसतो. शिवाय त्याच कारखान्याने त्याच्या गावात शाळा आणली, दवाखाना आणला, हेही खरे.

१९९५ने हे सगळे हलवले. त्या वर्षी बंडखोरीचे पीक आले. तिकीट न मिळालेले काँग्रेसचे लोक अपक्ष उभे राहिले आणि मला रोज नवे चिन्ह शिकावे लागले. ज्या घरांवर मी पंधरा वर्षे पंजा काढला त्या घरांनी पंजा पुसून अपक्षाचे चिन्ह मागितले, आणि तरी म्हणाले की आम्ही काँग्रेसवालेच आहोत. राज्यात ४५ अपक्ष निवडून आले. काँग्रेस ८०वर थांबली, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या आणि पहिल्यांदा युतीचे सरकार आले. सांगोल्यात आबासाहेब दोनशेच्या आतल्या फरकाने पडले. दगडी घरातल्या म्हाताऱ्यांकडे गेलो तर ते लिंबाखाली गप्प बसलेले. त्यांना हरण्याचे दुःख होतेच. त्याहून अधिक हे होते की दोनशे म्हणजे चार वस्त्या, आणि त्या चार वस्त्या कोणत्या हे त्यांना कळत नव्हते.

न कळण्याचे कारणही होते. मतपत्रिकांच्या काळात अनेकदा वेगवेगळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मगच मोजायचे. कोणत्या गावाने कोणाला किती दिली हे बाहेर पडू नये म्हणून. त्यामुळे गावाचा कल म्हणजे भिंतींचा कल असेच सगळे धरून चालायचे. मी स्वतःही. पारावर कोणी विचारले की अमुक गाव कुठे आहे, तर मी भिंती आठवून सांगायचो आणि लोक माझ्यावर विश्वास ठेवायचे.

त्याच सुमारास मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांचा दरारा होता. आचारसंहिता लागली की अधिकारी फिरून सरकारी इमारतींवरची, पुलांवरची चिन्हे पुसायला लावायचे. १९९५लाच राज्यात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध कायदाही आला. खासगी भिंतीलाही मालकाची लेखी परवानगी लागू लागली. माझे उत्पन्न निम्म्यावर आले, घरात ओढाताण झाली. तरी तो नियम योग्य होता असे मी मानतो. ज्याची भिंत त्याला विचारावे, यात चूक काय?

आणि तरी मीच ते विसरलो. १९९९च्या जूनमध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली. तीन महिन्यांत निवडणूक. उसाच्या पट्ट्यात पंजे पुसून घड्याळे काढायची इतकी घाई होती की मी तीन पोरे हाताखाली घेतली. गावाच्या पुढाऱ्याने यादी द्यायची, आम्ही भिंती धरायच्या. एका घराचा दरवाजा बंद होता. यादीत नाव होते म्हणून मी पंजावर चुना मारला आणि घड्याळाचे वर्तुळ ओढले. दुपारी घरातली म्हातारी रानातून आली. डोक्यावरचा भारा न उतरवता भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्या मालकांनी इथं बैलजोडी काढून घेतली हुती. मग गाय-वासरू. मग हात. मालक जाऊन सहा वर्सं झाली. घर माझ्या नावावर हाय. मला कुणी इचारलं?"

मी म्हणालो, यादीत तुमच्या पुतण्याने नाव दिले आहे. ती म्हणाली, "पुतण्याच्या भितीवर काढा मग."

मी तिथेच पंजा पुन्हा काढून दिला, पैसे न घेता. पण पहिल्यासारखा जमला नाही, खालचा चुना ओला होता, बोटे फुगली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले की वीस वर्षे ज्याला मी घराची निष्ठा म्हणत आलो ती बहुतेक वेळा घरातल्या एका पुरुषाची होती. बाकीच्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्यानंतर मी भिंत धरण्याआधी घरातल्या बाईला विचारायला लागलो. पुढाऱ्यांना ते रुचायचे नाही, वेळ जातो म्हणायचे. एका मोठ्या पुढाऱ्याने त्यावरून माझे काम काढून घेतले आणि झालेल्या कामाचेही पैसे बुडवले. मला त्याचा राग अजून आहे. विचारल्याचा पश्चात्ताप नाही.

घड्याळाचा तो बदल तीन महिन्यांत कसा झाला याचे शहरातल्या लोकांना नवल वाटायचे. मला वाटले नाही. भिंतीही त्याच आणि माणसेही तीच होती. कारखाना, बँक, दूध संघ ज्या माणसांच्या हातात होते ती माणसे उठून दुसऱ्या चिन्हाखाली बसली आणि गावे त्यांच्याबरोबर गेली. जिथे हे धागे नव्हते तिथे, म्हणजे गावकुसाकडेच्या वस्त्यांत, गावातल्या लहान जातींच्या घरांत, पंजा तसाच राहिला. त्यांना साहेबांच्या भांडणाशी कर्तव्य नव्हते. निकालात काँग्रेसला ७५ आणि राष्ट्रवादीला ५८ मिळाल्या आणि दोघांनी मिळून सरकार केले.

पुढची काही वर्षे माझ्या धंद्याची पडती वर्षे. फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून होणारे तोंड भिंतीवरच्या चिन्हापेक्षा लोकांना आवडले. २००४च्या लोकसभेला देशभर मतदान यंत्रे आली आणि "शिक्का मारा" हे माझे सवयीचे शब्द जाऊन "समोरील बटण दाबा" आले. अक्का-पक्का-शिक्का हे घोषणेतले यमक तेव्हा तुटले. माझे हात त्या शब्दांना इतके सरावले होते की पहिल्या आठवड्यात दोन भिंतींवर मी जुनेच लिहून गेलो.

यंत्राने आणखी एक केले, त्याकडे तेव्हा माझे लक्ष गेले नाही. केंद्रनिहाय आकडे उघड झाले. आता निकालाच्या रात्री पुढाऱ्याच्या हातात कागद असतो, कोणत्या बूथवर किती कमी. गावाला नेमके ठाऊक असते की आपल्यातल्या दोनशे जणांनी भिंतीवर होते त्याला मत दिले नाही. मग गल्लीगल्लीत संशय सुरू होतो. पाण्याच्या टँकरवरून, रस्त्याच्या खडीवरून हिशेब चुकते होतात. हे मला घातक वाटते.

दरम्यान सांगोल्यात डाळिंब आले. माळरानावर शेततळी आणि ठिबकच्या नळ्या दिसू लागल्या. पोरांनी पिकअप घेतल्या, माल नाशिकला, दिल्लीला नेऊ लागली. टेंभू-म्हैसाळच्या पाण्यासाठी आबासाहेबांची पिढी आयुष्यभर झगडली, पण ज्या पोराने पाणी पोचल्यावर डोळे उघडले त्याच्यासाठी ते पाणी कालव्यात असायचेच. दगडी घरातले म्हातारे गेले, मुलगा डाळिंबवाला झाला, नातू कॉलेजात. २०१९ला आबासाहेब वयामुळे उभे राहिले नाहीत, त्यांचा नातू उभा राहिला. मी त्या घरी गेलो. मुलगा म्हणाला, "भिंतीवर खटारा आहे तो आहे. नव्याने काढायची गरज न्हाई." जाताना त्याच्या पोराने मला रस्त्याकडच्या कंपाउंडपाशी गाठले. तिथे त्याला धनुष्यबाण हवा होता. मी म्हटले, वडिलांना विचारले का? तो म्हणाला, "कंपाउंड माझ्या कमाईचं आहे, तात्या. आणि आजोबांनी सांगितलेलं मला सगळं पाठ आहे. पण ते आजोबांचं देणं होतं."

मी आजीला विचारले. ती म्हणाली, "काढा. घरात दोन चुली न्हाईत, तेवढं बास."

त्या निवडणुकीत शेकाप सांगोल्यात ७६८ मतांनी हरला. आबासाहेब ३० जुलै २०२१ला गेले.

उसाच्या पट्ट्यात तर मला दहा वर्षांत दोनदा भिंती बदलाव्या लागल्या. २०१४ला माढा लोकसभेत मोदींच्या लाटेतही घड्याळच आले. २०१९ला माळशिरसचे मोहिते-पाटील घराणे भाजपबरोबर गेले आणि तालुक्याने कमळाला मोठे मताधिक्य दिले. २०२४ला तेच घर तुतारीकडे आले आणि तुतारीचा खासदार झाला. तोवर चिन्हांचेच धड राहिले नव्हते. ऑक्टोबर २०२२ला शिवसेनेचा धनुष्यबाण गोठला, कोणाला मशाल मिळाली, कोणाला ढाल-तलवार, मग फेब्रुवारी २०२३ला धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेला. वर्षभराने घड्याळ अजित पवारांकडे गेले. आणि तुतारी वाजवणाऱ्या माणसाबरोबर यंत्रावर नुसती तुतारी घेतलेले अपक्षही आले. साताऱ्यात तुतारी वाजवणाऱ्या माणसाचा, म्हणजे शरद पवारांचा, पक्ष ३२ हजारांवर मतांनी पडला आणि तिथे नुसत्या तुतारीवरच्या अपक्षाला ३७ हजार मते मिळाली. दिंडोरीत तशा अपक्षाला लाखाहून जास्त पडली. सगळी चुकूनच पडली असे मी म्हणणार नाही. पण ती बातमी ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही. वाचता न येणाऱ्या माणसाने चित्रावर विश्वास ठेवावा म्हणून चिन्हे आली. माझे अख्खे आयुष्य त्या चित्रांत गेले. ज्या बाईने माझ्या भिंतीवरची तुतारी बघून मनाशी ठरवले असेल तिला यंत्रासमोर दोन तुताऱ्या दिसल्या असतील तर?

त्यानंतर सहाच महिन्यांनी विधानसभा. लोकसभेला आघाडीच्या ३० जागा आणि महायुतीच्या १७ होत्या. विधानसभेला भाजपच्या एकट्याच्या १३२ आल्या आणि महायुती २३०वर गेली. पारावरचे लोक मला विचारायचे की हे झाले कसे. माझ्या भिंती जवळजवळ तशाच होत्या. पण मी घरातल्या बायकांना विचारत आलो होतो, म्हणून एक गोष्ट मला दिसली होती. ऑगस्टपासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये त्यांच्या स्वतःच्या खात्यावर येत होते. एका घरात मालकाने तुतारी काढायला सांगितली आणि बाई दारातून म्हणाली, "काढा की. भिंतीवर काय असंल ते असू दे, मी माझं बघीन." मालक हसला. ती हसली नाही.

मग डिसेंबरात माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीचे नाव देशभर गेले. तिथल्या तुतारीच्या लोकांना केंद्राचे आकडे पटले नाहीत. आमच्या गावात कमळाला जास्त मते पडूच शकत नाहीत म्हणून त्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचे ठरवले आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. मतदारसंघात त्यांचाच उमेदवार निवडून आला होता, तरी गावाचा आकडा त्यांना सलत होता. यंत्राचा वाद ज्यांनी निकालात काढायचा त्यांनी काढावा. मला मात्र लिंबाखाली गप्प बसलेले म्हातारे आठवले. आपले गाव आपल्याला पुरते ठाऊक आहे, ही खात्री किती जुनी आणि किती प्रेमाची असते ते मला माहीत आहे. ती दुखावली गेली की माणूस आकड्यावर चिडतो, आणि त्या चिडीची थट्टा करणाऱ्यांचे मला वाईट वाटले.

त्याच विधानसभेत, राज्यभर वारे एकीकडे वाहत असताना, सांगोल्याने शेकाप निवडून दिला. आबासाहेबांचाच दुसरा नातू. राज्यात त्या पक्षाला मिळालेली ती एकच जागा. दगडी घरातला पोरगा, कंपाउंडवर धनुष्यबाण काढून घेणारा, या वेळी खटाऱ्याच्या जुन्या माणसांबरोबर फिरत होता. मी का ते विचारले नाही. त्याने आपण होऊन सांगितले की पाच वर्षे बघितले, आता हे बघतो. आजोबांचे नाव त्याने घेतले नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याने मला बोलावले. डाळिंबाचा पॅकिंग शेड घातला होता आणि घराच्या दर्शनी भिंतीवर शेडचे नाव हवे होते, मोठ्या अक्षरांत, मोबाइल नंबरासकट. भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात खटारा होता, उस्तादांच्या हातचा, गेरूचा, चाकांचे आरे उडालेले. मी विचारले, याच्यावर चुना मारू का? तो आजीला विचारायला आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. मी सुतळी गेरूत भिजवली, त्याच्या पोराला एक टोक धरायला दिले, आणि रेघ खटाऱ्याच्या उजवीकडून मारली.